टॅबचा स्पीकर खरखरतो तेव्हा आधी विचारा : आवाज येतो कधी?

खरखर, घरघर, भुणभुण, टिकटिक, फट्, सूंऽऽ. नको असलेल्या आवाजांना मराठीत भरपूर नावं आहेत, आणि टॅबच्या बाबतीत यातल्या जवळजवळ प्रत्येक नावामागे वेगळं कारण असतं. तरी टॅब दुरुस्तीला टाकताना आपण एवढंच सांगतो, ‘स्पीकर खराब झालाय.’ दुकानदार स्पीकर बदलतो, दोन दिवसांनी टॅब घरी येतो, चार्जरला लावला की तीच भुणभुण पुन्हा सुरू. कारण दोष स्पीकरमध्ये नव्हताच, तो चार्जरमध्ये होता.

त्यामुळे आवाज कसा आहे, यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे आधी पाहायचं. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं, आणि त्यासाठी स्क्रू काढावा लागत नाही की पैसाही लागत नाही.

आवाजाचा रस्ता

गाणं टॅबमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. बहुतेक टॅब सेकंदाला ४८,००० आकडे वाचतात. ॲपने फाइल उलगडायची, प्रोसेसरने ते आकडे एका छोट्या साठ्यात भरत राहायचं, साठ्यातून ते ॲम्प्लिफायरच्या चिपकडे जायचे. ही चिप आकड्यांचं विजेत रूपांतर करून स्पीकरच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, वीज देते. कॉइल निओडिमियमच्या छोट्या चुंबकाजवळ थरथरते, तिला चिकटलेला पातळ पडदा हवा ढकलतो आणि ती हवा बंद डबीतून, रबराच्या किंवा फोमच्या कडेतून, बारीक जाळीतून बाहेर येते.

या रस्त्यावर प्रत्येक टप्प्याला बिघाड होऊ शकतो. मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल. ॲप आकडे वेळेवर भरत नसेल. वीजपुरवठ्यात गडबड असेल. शेजारच्या मोबाइलच्या लहरी तारेत शिरत असतील. जाळीत धूळ असेल, पडदा फाटला असेल, किंवा पाठीमागचं कव्हरच थरथरत असेल. स्पीकर हा यातला फक्त एक टप्पा आहे.

पहिली पाच मिनिटं

टॅब शांत खोलीत घ्या. टेबलावर ठेवू नका, हातात धरा, कारण टेबल स्वतः गुणगुणतं आणि फसवतं. कव्हर काढा. चार्जर काढा. ब्लूटूथ बंद करा.

आता आवाज पूर्ण शून्यावर आणा. तरीही बारीक चिर्र ऐकू येत असेल तर ती स्पीकरची नाही. बोर्डावरच्या कॉइल आणि सिरॅमिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) वीज कमीजास्त होताना खरोखर थरथरतात आणि कानाला ऐकू येईल अशी शीळ घालतात. स्क्रीनचा उजेड कमीजास्त करून पाहा. उजेडाबरोबर शीळ बदलली तर ती स्क्रीनच्या वीजपुरवठ्यातून येते. ऐकायला त्रास होतो, पण धोका नाही, आणि स्पीकर बदलून ती जाणार नाही.

शून्यावर शांतता असेल तर एक ओळखीचं गाणं लावा, असं की जे दुसऱ्या मोबाइलवर स्वच्छ वाजतं. टॅबमध्ये साठवलेली फाइल असेल तर उत्तम. मग तेच गाणं तारेच्या हेडफोनवर ऐका. टॅबला गोल जॅक नसेल तर ब्लूटूथ चालेल. हेडफोनवरही त्याच जागी खरखर आली तर दोष फाइलमध्ये, ॲपमध्ये किंवा सिस्टीममध्ये आहे. हेडफोनवर स्वच्छ आणि स्पीकरवर खरखर, तर दोष ॲम्प्लिफायरपासून जाळीपर्यंतच्या भागात. एवढी एक चाचणी केली तर बरेच स्पीकर विनाकारण बदलायचे वाचतील.

गणपतीच्या मिरवणुकीचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ इथे हमखास फसवतात. ढोल-ताशाच्या अगदी पुढे उभं राहून चित्रीकरण केलं की मोबाइलचा माइकच ओव्हरलोड होतो. फाटलेला आवाज फाइलमध्येच गोठलेला असतो. तो कुठल्याही स्पीकरवर तसाच वाजणार. असा व्हिडिओ चाचणीला वापरू नका.

सूंऽऽ असा सतत आवाज असेल तर आवाजाची पट्टी हलवून बघा. पट्टी वाढवली तशी सूं वाढली, तर ती रेकॉर्डिंगमधून येते. पट्टी कुठेही असो, सूं तेवढीच राहते आणि कान जाळीला टेकवला तरच ऐकू येते, तर तो ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज. तेवढा प्रत्येक यंत्रात असतो. हातभर अंतरावरून ऐकू येऊ लागला, तर मात्र चिपकडे बघावं लागेल.

चार्जरला लावल्यावर येणारी भुणभुण

ही तक्रार आपल्याकडे वारंवार दिसते, आणि अनेकदा चुकीच्या पद्धतीने तिच्यावर उपचार होतात.

आपल्या घरची वीज २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तनांची. चार्जर ती आधी एकदिश करतो आणि मग खूप वेगाने चालू-बंद करत ५ किंवा ९ व्होल्टवर आणतो. या चालू-बंदीचा कचरा बाहेर जाऊ नये म्हणून आत फिल्टर असतात. चांगल्या चार्जरमध्ये ते पुरेसे असतात. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये खर्च वाचवायला पहिली कात्री इथेच लागते. मग हा कचरा केबलवरून टॅबमध्ये येतो आणि ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात मिसळतो.

याची खूण सोपी आहे. चार्जर लावलेला असताना स्क्रीनही वेड्यासारखी वागते : बोट एका ठिकाणी, क्लिक दुसरीकडे, कधी बोट न लावता अक्षरं उमटतात. स्क्रीनचा स्पर्श ओळखणारा भाग अगदी बारीक विद्युतभार मोजत असतो, त्यामुळे चार्जरचा कचरा त्याला आधी जाणवतो. भुणभुण आणि भरकटणारा टच ही जोडी एकत्र दिसली, की टॅब उघडायची गरज नाही. चार्जर आणि केबल बदलून पाहा. नवीन घेताना कंपनीचा घ्या, नाहीतर निदान बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला तरी बघून घ्या.

धातूच्या पाठीच्या टॅबवर चार्जिंगच्या वेळी बोट फिरवलं की बारीक मुंग्या येतात, हेही अनेकांनी अनुभवलेलं असतं. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. आतल्या फिल्टरच्या एका छोट्या कपॅसिटरमधून अत्यंत कमी वीज बाहेरच्या बाजूला झिरपते, तिच्या या मुंग्या. चांगल्या चार्जरमध्ये ती सुरक्षित मर्यादेत असते. मुंग्यांऐवजी झटका बसला, तर तो चार्जर त्याच क्षणी वापरातून काढा.

आता एक बारकावा. टॅबच्या स्वतःच्या स्पीकरमधून खोल ‘हंऽऽ’ सहसा येऊच शकत नाही. एवढासा पडदा ५० किंवा १०० हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या आवर्तनांचा) आवाज नीट काढू शकत नाही. म्हणून टॅबमधून येते ती भुणभुण, उंच आणि टोचणारी. खोल हंऽऽ ऐकू येते ती टॅब बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जोडल्यावर : सोसायटीच्या सभागृहात, भजनाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात. टॅब चार्जरवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर, आणि दोघांना जोडणारी आवाजाची तार. या तिघांमधून विजेला फिरायला एक गोल रस्ता मिळतो आणि तोच हम वाजत राहतो. चार्जर काढून बघा. हम गेला तर कारण सापडलं. कार्यक्रमापुरता टॅब पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा. ते शक्य नसेल तर दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, किंवा मधल्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा. तिच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो आवाज पुढे जाऊ देतो पण विजेची थेट जोडणी तोडतो. काही जण हम घालवायला ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड, अर्थिंगची पिन मोडतात. असं कधीही करू नका. हम जाईल, पण त्या धातूच्या खोक्यात उद्या वीज उतरली तर ती माइक धरलेल्या माणसातून जमिनीत जाईल.

टर्र-टर्र, टर्र-टर्र

मोबाइल वाजायच्या एक-दोन सेकंद आधी टॅबमधून किंवा टेबलावरच्या स्पीकरमधून टर्र-टर्र येते, हे लक्षात आलंय? ती टुजीची सही आहे. जुन्या जीएसएम पद्धतीत मोबाइल सलग बोलत नाही. ठरलेल्या क्षणी छोटा झटका पाठवतो आणि गप्प बसतो. हे झटके सेकंदाला सुमारे २१७ वेळा येतात, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका झटक्याची ताकद २ वॉटपर्यंत जाऊ शकते. लहर तर आपल्याला ऐकू येत नाही. पण तिची २१७ वेळा होणारी चालू-बंदी आवाजाच्या तारा आणि ॲम्प्लिफायर पकडतात, आणि २१७ हर्ट्झ कानाला स्वच्छ ऐकू येतं.

जिओकडे टुजी नाही. पण एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया) आणि बीएसएनएल यांची टुजी सेवा आहे, आणि घाटात किंवा डोंगरकपारीच्या गावात फोरजीची रेंज गेली की हँडसेट आपोआप टुजीवर उतरतो. त्यामुळे पुण्यात गप्प असलेला टॅब गावी गेल्यावर टर्र करू लागतो. टॅब बिघडलेला नाही. मोबाइल हातभर लांब ठेवा, आवाज लगेच पडतो. टॅबमध्येच सिम असेल तर अँड्रॉइड १२ पासून पुढच्या अनेक उपकरणांमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये टुजी बंद करण्याचा पर्याय असतो. जिथे टुजीशिवाय दुसरी रेंजच नाही तिथे तो बंद केला तर नेटवर्क जाईल, एवढं ध्यानात ठेवा.

सुरुवातीला आणि शेवटी ‘फट्’

गाणं सुरू होताना एक फट्, संपल्यावर काही सेकंदांनी आणखी एक. मधे सगळं स्वच्छ. बॅटरी वाचवण्यासाठी टॅब ॲम्प्लिफायर कायम जागा ठेवत नाही. आवाज थांबल्यावर थोडा वेळ वाट पाहतो (अँड्रॉइडमध्ये हा वेळ साधारण ३ सेकंदांचा असतो) आणि त्याला झोपवतो. झोपताना-उठताना कॉइलवरची वीज एकदम बदलली तर पडद्याला धक्का बसतो. तोच तो फट्. चांगल्या रचनेत ही वीज हळूहळू चढवली-उतरवली जाते, स्वस्त टॅबमध्ये तेवढी काळजी घेतलेली नसते.

हे समजलं की इलाजही सुचतो. कीबोर्डचा टिक, स्पर्शाचा टिक, स्क्रीन लॉकचा टिक, चार्जिंगचा टुं हे सगळे क्षणभराचे आवाज आहेत, पण प्रत्येक जण ॲम्प्लिफायरला उठवतो आणि परत झोपवतो. मुलगी टॅबवर काहीतरी लिहिते आहे आणि दर थोड्या वेळाने फट् येतो, तो यामुळे. सेटिंगमध्ये ‘साउंड’खाली हे चारही आवाज बंद करा. बहुतेक वेळा तक्रार तिथेच संपते. फट् आधी नव्हता आणि सिस्टीम अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर पुढच्या अपडेटमध्ये जाऊ शकतो. स्पीकर बदलून जाणार नाही.

मधेच टिक, मधेच खर्र

आता त्या आकड्यांच्या साठ्याकडे परत येऊ. इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालून पंप पाणी चढवतो, वरून नळ सतत चालू. पंप मधे अडखळला तरी टाकीत पाणी आहे तोवर नळ चालतो. टॅबमधली ही टाकी फार लहान असते. ९६० आकड्यांची टाकी म्हणजे जेमतेम २० मिलिसेकंदांचा आवाज. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की टाकी कोरडी पडते, आवाज मधूनच तुटतो, आणि तुटण्याची ती कड कानाला ‘टिक’ अशी ऐकू येते. लागोपाठ तुटला की खर्र.

टॅब उन्हात तापलेला असेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. जागा भरत आलेली असेल तर लिहिण्या-वाचण्यात उशीर होतो. मागे पंधरा ॲप अपडेट होत असतील, बॅटरी सेव्हर चालू असेल, तरी हेच. खूण अशी : एकच गाणं पुन्हा लावलं की खरखर दुसऱ्या जागी येते. फाइलचा दोष असता तर दर वेळी त्याच सेकंदाला आली असती.

इंटरनेट हळू असेल तर मात्र असा टिक येत नाही. व्हिडिओ थांबतो आणि चक्र फिरतं. ऑनलाइन क्लासमध्ये नेट कमी पडलं तर आवाज यंत्रमानवासारखा होतो. आणि एकाच खोलीत दोन टॅब एकाच मीटिंगला जोडलेले असले तर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून कानठळ्या बसवणारी शीळ सुरू होते. एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

अँड्रॉइडवर उपाय करायचे ते या क्रमाने. टॅब बंद करून सुरू करा. दोन-तीन जीबी जागा मोकळी करा. बॅटरी सेव्हर बंद करा. डॉल्बी किंवा इक्वलायझर चालू असेल तर बंद करून ऐका. तरीही खरखर असेल तर सेफ मोड : पॉवर बटण दाबून स्क्रीनवर ‘पॉवर ऑफ’ आलं की त्या शब्दांवर बोट दाबून धरा आणि विचारल्यावर होकार द्या. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये रीत थोडी वेगळी असते. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप झोपलेली असतात. तिथे आवाज स्वच्छ आला तर गुन्हेगार त्यांच्यातच आहे. आवाज वाढवणारी ॲप, कॉल रेकॉर्डर, स्क्रीन रेकॉर्डर यांवर आधी संशय घ्या आणि अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढत चला.

आयपॅडला असा सेफ मोड नाही. तिथे तो सक्तीने बंद करून सुरू करायचा. होम बटण नसलेल्या आयपॅडवर व्हॉल्यूमचं वरच्या बटणाजवळचं बटण दाबून सोडा, मग दुसरं दाबून सोडा, मग वरचं बटण सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरा. होम बटण असेल तर होम आणि वरचं बटण एकत्र धरा. सेटिंगमधल्या ‘अॅक्सेसिबिलिटी’त ऑडिओच्या पानावर डाव्या-उजव्या बाजूचा तोल ठरवणारी पट्टी आहे, ती मधोमध आहे ना तेही पाहून घ्या. मुलांच्या हातून ती सरकते, आणि मग एकच बाजू सगळा भार घेते.

विंडोज टॅबचं दुखणं निराळं असतं. तिथे खरखर बहुधा ड्रायव्हरमधून, म्हणजे आतला एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, येते. रन खिडकीत ‘mmsys.cpl’ असं टाइप केलं की आवाजाची जुनी खिडकी उघडते. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ४८,००० हर्ट्झ निवडा. तरी टिक येत असेल तर लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तो नावासकट दाखवतो. अनेकदा तो आवाजाचा नसून वाय-फायचा निघतो.

आवाज वाढवण्याच्या हव्यासाची किंमत

१६ बिटच्या आवाजात एका आकड्याची कमाल मर्यादा ३२,७६७. आजची बरीच गाणी त्या मर्यादेला टेकलेलीच बनवली जातात. इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबल वर नेला म्हणजे त्या भागातली लाट दुप्पट उंच केली. मर्यादेच्या वर जागाच नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. आवाज २०० टक्के करणारी ॲप हेच करतात.

फाटलेला आवाज ऐकायला वाईट, आणि स्पीकरला घातकही. टॅबच्या स्पीकरचा पडदा मिलिमीटरच्या आतच पुढेमागे होऊ शकतो. खालचे स्वर त्याला सर्वांत जास्त हलायला लावतात, आणि आवाज मात्र फारसा निघत नाही. म्हणून बेस वाढवून काहीच ऐकू येत नाही असं वाटतं, माणूस आणखी वाढवतो, आणि आत पडदा चुंबकावर आपटत असतो. एके दिवशी त्याची कड सुटते. टॅबमध्ये बेस कमीच ठेवा. बोलणं नीट ऐकू येत नसेल तर बेस कमी करून मधली पट्टी थोडी वर न्या, आवाज मोठा न करता शब्द स्पष्ट होतात.

खरोखर स्पीकरच दोषी असेल तर

हेडफोनवर स्वच्छ, चार्जर काढलेला, मोबाइल लांब, ॲप बंद, आणि तरीही खरखर. आता जाळीकडे या.

कोणता स्पीकर ते आधी ठरवा. टॅबला बहुधा दोन किंवा चार असतात. वहीच्या कागदाची पेन्सिलएवढी नळी करा, एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका जाळीवर. दोषी जाळी लगेच कळते.

मग शुद्ध स्वर वाजवणारं टोन जनरेटर ॲप घ्या. आवाज निम्म्यावर ठेवून २०० हर्ट्झपासून २,००० पर्यंत सावकाश वर जा, अर्धा मिनिट तरी लावा. एखाद्याच जागी, समजा ४१० ते ४३० च्या मध्ये, करकर उठली आणि पुढे शांत झाली तर काहीतरी सैल आहे आणि त्या स्वराला साथ देतंय. तिथेच थांबून टॅबच्या पाठीवर, कडांवर, बटणांवर बोटाने हलका दाब देत फिरा. दाबल्यावर करकर थांबते ती जागा दोषाची. सिमचा ट्रे, वर आलेली काच-पट्टी, कव्हरचं चुंबकी झाकण, आतला सुटलेला स्क्रू असं काहीही निघू शकतं. खरखर सगळ्याच स्वरांवर आणि हळू आवाजातही असेल, तर पडदा फाटलाय किंवा कॉइल घासतेय. त्याला बदलण्याशिवाय इलाज नाही.

रियाझाला टॅबवर तानपुऱ्याचं ॲप लावणाऱ्यांना हा ‘एकाच स्वरावर करकर’वाला दोष इतरांच्या आधी दिसतो, कारण त्यांच्या टॅबवर एकच स्वर तासभर वाजतो. काळी एकमध्ये करकर, काळी दोनमध्ये काही नाही. पण तपासणी तानपुऱ्यावर करू नका. जवारी ही मुळातच झणझण आहे, त्यात स्पीकरची करकर लपून जाते. पेटीचा एकच सूर किंवा शुद्ध टोन घ्या.

साफसफाईला मऊ, कोरडा, नवा दात घासायचा ब्रश पुरतो. टॅब असा धरा की जाळी जमिनीकडे राहील, आणि ब्रश जाळीवर आडवा फिरवा, आत खुपसू नका. टाचणी, सुई, टूथपिक यांपैकी काहीही नको : जाळीच्या मागे थोड्याच अंतरावर पडदा आहे. ब्लोअरचा झोतही नको, तो धूळ आत ढकलतो आणि पडदा ताणतो.

लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या कामाजवळ वापरलेल्या टॅबमध्ये लोखंडाचा चुरा हे वेगळंच दुखणं असतं. स्पीकरमध्ये चुंबक आहे, तो चुरा ओढून धरतो. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरही हेच घडतं. त्या वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात. एक कण जाळीतून आत जाऊन पडद्यावर बसला की प्रत्येक स्वराला चरचर. ब्रशने हा चुरा निघत नाही, नुसता सरकतो. चिकटपट्टी जाळीवर दाबून उचलायची, दर वेळी नवा तुकडा घेऊन, आठ-दहा वेळा. पट्टीवर काळे ठिपके उमटायचे थांबले की झालं.

पाणी गेलं असेल तर आवाज दबलेला आणि बुडबुडल्यासारखा येतो. टॅब बंद करा, चार्जरला लावू नका, जाळी खाली करून पंख्याच्या वाऱ्यात एक-दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पिठाचे कण भोकांत जातात. हेअर ड्रायर नको, पडद्याचा आणि कडेचा गोंद सुटतो. नुसतं पावसाचं पाणी असेल तर वाळल्यावर आवाज बहुधा परत येतो. समुद्राचं पाणी किंवा चहा असेल तर वाळण्याची वाट न पाहता उघडून साफ करून घ्या, कारण मीठ आणि साखर मागे राहतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर पाणी न पडताही स्पीकरच्या स्प्रिंग-संपर्कांवर हिरवट थर चढतो. टॅब हलवला किंवा दाबला की आवाज येतो-जातो, ही त्याची खूण. कारागीर तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, स्पीकर बदलावा लागत नाही.

एका बाबतीत मात्र चाचण्या करत बसू नका. करकरीबरोबर स्क्रीनची एखादी कड उचललेली दिसत असेल, पाठ फुगीर वाटत असेल, सपाट टेबलावर टॅब डुगडुगत असेल, तर आत बॅटरी फुगते आहे आणि तीच स्पीकरच्या डबीला ढकलते आहे. टॅब बंद करा, चार्जिंग थांबवा, कड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.

दुरुस्तीला टाकताना

बहुतेक टॅबची स्क्रीन गोंदाने चिकटवलेली असते. ती गरम करून, पातळ पात्याने सोडवावी लागते, आणि हात बसलेला नसेल तर काच तडकते. घरी उघडायच्या फंदात पडू नका. वॉरंटी असेल तर बाहेरही देऊ नका. दुकानात ‘आवाज येतो’ एवढं न सांगता नेमकं सांगा : उजव्या बाजूच्या खालच्या जाळीतून, हेडफोनवर येत नाही, चार्जर नसतानाही येतो, ४२० हर्ट्झवर सर्वांत जास्त. इतकं ऐकल्यावर कारागीर थेट त्या जागी जातो.

स्पीकर बदलायच्या आधी मल्टिमीटर लावायला सांगा. अशा स्पीकरचा रोध साधारण ४ ते ८ ओहमच्या आसपास असतो. आकडा बरोबर असेल तर कॉइल तरी शाबूत आहे. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली. आकडा नाचत असेल तर संपर्क किंवा स्पीकरला जोडणारी चपटी वायर-पट्टी सैल आहे.

टॅब परत घेताना काउंटरवरच तोच टोन, तेच गाणं लावा, एकदा बॅटरीवर आणि एकदा चार्जरवर. माइकही रेकॉर्ड करून तपासा, कारण त्याचा संपर्क उघडताना सैल होऊ शकतो. आणि एक गोष्ट आवर्जून विचारा : स्पीकरभोवतीची फोमची किंवा रबराची कड परत बसवली ना? घाईत ती राहून जाते. ती नसली की पडद्याच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळते आणि नवा कोरा स्पीकरही पातळ, पत्र्यासारखा वाजतो.